रिओस्टॅटच्या तारेचे फेरे एकमेकांना टेकूनही शॉर्ट का होत नाहीत, आणि आम्ही गुंडाळलेले मात्र का झाले?

प्रश्न: जुनी_उपकरणे

मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळतो. आमच्याकडचे काही रिओस्टॅट, म्हणजे रोध हवा तसा कमी-जास्त करता येणारी उपकरणे, तीस-पस्तीस वर्षांचे आहेत. चिनी मातीची पोकळ नळी, तिच्यावर जवळजवळ बसवलेले तारेचे फेरे आणि वरच्या दांड्यावरून सरकणारा स्लायडर अशी त्यांची नेहमीची रचना आहे. त्यांतील दोघांची तार तुटली होती. नवीन रिओस्टॅट घेण्याऐवजी हे दोन आपणच दुरुस्त करावेत असे ठरवून आम्ही कामाला लागलो.

पहिल्या रिओस्टॅटची तार एका टोकाजवळच तुटली होती, त्यामुळे तीच वापरता येणार होती. ती पूर्ण काळपट-करडी पडलेली दिसली. माझ्या एका उत्साही विद्यार्थ्याने ती सोडवली, हा वर्षांनुवर्षांचा मळ आणि गंज आहे असे समजून एमरी कागदाने घासून चांदीसारखी लख्ख केली आणि मोठ्या कष्टाने पुन्हा घट्ट गुंडाळली. दुसऱ्यासाठी बाजारातून २० एसडब्ल्यूजीची (हे तारेच्या जाडीचे ब्रिटिश मोजमाप) नवीन कॉन्स्टंटन तार, म्हणजे तांबे-निकेल संमिश्राची तार, आणली. ती मुळातच चकचकीत होती.

नळीचा बाहेरचा व्यास ५ सेंटिमीटर आणि गुंडाळीची लांबी ३० सेंटिमीटर आहे. तारेची जाडी ०.९१४ मिलिमीटर धरली तर सुमारे ३२८ फेरे बसतात आणि तार साडेबावन्न मीटरच्या आसपास लागते. कॉन्स्टंटनची रोधकता ०.४९ मायक्रोओम-मीटर घेतल्यास एका मीटरला ०.७५ ओम, म्हणजे एकूण ३९ ओम रोध यायला हवा. रिओस्टॅटच्या पट्टीवरही ४० ओम, ३ अँपिअर असेच कोरलेले आहे. प्रत्यक्षात मात्र दोन्ही रिओस्टॅट टोकापासून टोकापर्यंत चार ते सहा ओम दाखवतात आणि गुंडाळीवर बोट दाबले की मल्टिमीटरवरचा आकडा बदलतो.

फेरे आपापसांत शॉर्ट झाले आहेत हे उघड आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. न तुटलेल्या रिओस्टॅटमध्येही तार उघडीच दिसते, तिच्यावर एनॅमल म्हणजे विद्युतरोधक लेप नाही, सूत नाही, फेऱ्यांमध्ये फटही नाही. तरीही ते बिनतक्रार ४० ओम दाखवतात. मग तेथे विद्युतरोधन नेमके कशाचे आहे?

उत्तर १: वाइंडिंग_मिस्त्री

मी मोटार आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या रिवाइंडिंगचे काम करतो, त्यामुळे माझे उत्तर त्या अनुभवातून आलेले आहे. वाइंडिंगसाठी कोणीही नागडी तार वापरत नाही. तांब्याच्या तारेवर जसे एनॅमल असते तसे कॉन्स्टंटन, मँगॅनिन आणि नायक्रोम या तारांवरही करून मिळते. मागणी कमी असल्याने ते दुकानात सहज दिसत नाही, एवढाच फरक आहे.

एनॅमल घेताना त्याची तापमान-श्रेणी विचारून घ्यावी. पॉलियुरेथेनचे एनॅमल सोल्डरिंगच्या उष्णतेने आपोआप निघते, म्हणून बारीक कामात ते सोयीचे पडते, परंतु साध्या प्रतीचे एनॅमल फार उष्णता सोसत नाही. पॉलिएस्टर १५५ अंश सेल्सिअसपर्यंत, पॉलिएस्टर-इमाइड १८० पर्यंत आणि त्यावर पॉलिअमाइड-इमाइडचा दुसरा थर दिलेली तार २०० पर्यंत चालते. वाइंडिंग तारांसाठी आपल्याकडे आयएस १३७३० हे मानक आहे.

आपल्या बाबतीत मी दोनशे अंशांची तार घेऊन गुंडाळण्याचा आणि वर वॉर्निश मारून भट्टीत सुकवण्याचा सल्ला देईन. स्लायडर जेथून सरकतो त्या रेषेवरचे एनॅमल कागदाने घासून काढले की काम झाले.

उत्तर २: निवृत्त_जुळारी

मिस्त्रींनी एनॅमलबद्दल दिलेली माहिती बरोबर आहे, पण ती या उपकरणाला लागू पडत नाही. माझी बरीच वर्षे मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यात गेली आणि सुरुवातीची काही वर्षे तर रिओस्टॅटच्याच खात्यात होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या विद्यार्थ्याने एमरी कागदाने जे काढून टाकले, तेच विद्युतरोधन होते. तो मळ नव्हता आणि गंजही नव्हता.

कॉन्स्टंटन म्हणजे साधारण ५५ टक्के तांबे आणि ४५ टक्के निकेल यांचे संमिश्र. ही तार हवेत अगदी थोडा वेळ, दोन-तीन सेकंदच, सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून हवेतच थंड होऊ दिली तर तिच्यावर ऑक्साइडचा पातळ, काळपट आणि तारेला घट्ट धरून राहणारा थर तयार होतो. हा थर वीज जवळजवळ वाहू देत नाही. फेरे एकमेकांना टेकले तरी धातूला धातू लागत नाही, मध्ये ऑक्साइडचे दोन थर असतात. कारखान्यात आम्ही तिला ‘काळी तार’ म्हणत असू. चकचकीत तार फक्त टोकांच्या जोडणीसाठी वापरली जाई.

एवढा पातळ थर १२० व्होल्ट कसा अडवतो, असे आपल्या मनात येईल. तो १२० व्होल्ट अडवतच नाही, आणि या उपकरणाच्या रचनेची सगळी खुबी तेथेच आहे. आपलाच हिशेब पुढे नेतो. ४० ओममधून ३ अँपिअर गेले तर दोन टोकांमध्ये १२० व्होल्ट पडतात, पण ते ३२८ फेऱ्यांत वाटले जातात. म्हणजे शेजारच्या दोन फेऱ्यांमधला फरक अवघा ०.३७ व्होल्ट असतो. गुंडाळी एकाच थराची असल्यामुळे पहिला फेरा आणि शेवटचा फेरा कधीच शेजारी येत नाहीत, त्यांच्यामध्ये ३० सेंटिमीटर अंतर राहते. हा ऑक्साइड शेजारच्या फेऱ्यांमध्ये एक व्होल्टपर्यंतचा फरक सांभाळतो असे धरून चालतात, आणि आपली गरज त्याच्या निम्म्याहून कमी आहे. विद्युतरोधन किती हवे हे एकूण विद्युतदाबावर ठरत नाही, कोणत्या दोन बिंदूंना शेजारी आणून बसवले आहे यावर ठरते.

आता एनॅमल का नको ते सांगतो. ३ अँपिअरला या रिओस्टॅटमध्ये साधारण साडेतीनशे वॉट उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर टाकायला नळीचा सुमारे ४७० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. पूर्ण प्रवाहावर थोडा वेळ चालला की तार अडीचशे-तीनशे अंशांवर सहज जाते. दोनशे अंशांचे एनॅमल तेथे आधी तपकिरी होईल, मग वास येईल, मग कोळसा होईल, आणि कोळसा वीजवाहक आहे. ऑक्साइडला मात्र तीनशे अंश म्हणजे काहीच नाही, कारण त्याचा जन्मच नऊशे अंशांवर झालेला असतो.

मिस्त्रींचा मार्ग एका ठिकाणी योग्य आहे. रेडिओच्या काळातील वाटीएवढ्या वायरवाउंड पोटेन्शियोमीटरमध्ये प्रवाह थोडा असतो, तार केसासारखी बारीक असते आणि उष्णता मर्यादित राहते. तेथे एनॅमलची तार आणि घासून उघडी केलेली रेषा हीच पद्धत चालते.

वाइंडिंग_मिस्त्री: मान्य आहे. मी वॉटचा हिशेब केला नाही, ती माझी चूक झाली. मोटारीत तार लोखंडी गाभ्यात दाबून बसवलेली असते आणि एवढी तापली तर ती जळालीच असे आम्ही समजतो, त्यामुळे तारेने मुद्दाम तीनशे अंशांवर काम करावे ही कल्पनाच डोक्यात आली नाही.

उत्तर ३: मापनवेडा

निवृत्त_जुळारी यांचा ‘शेजारी कोण’ हा मुद्दा रोधपेटीला, म्हणजे ठरावीक रोधांची वेटोळी असलेल्या पेटीला, लावून पाहिला तर चित्र नेमके उलटते, म्हणून थोडी भर घालतो. ती आपल्या प्रयोगशाळेत असणारच, आणि उत्साही विद्यार्थी तिच्याकडेही वळण्याची शक्यता आहे.

रोधपेटीतील वेटोळ्यांना प्रेरण असू नये म्हणून तार मधोमध दुमडतात आणि दोन्ही पदर एकत्र गुंडाळतात. एका पदरातून प्रवाह जातो, दुसऱ्यातून परत येतो आणि दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना नाहीशी करतात. पण यामुळे तारेची सुरुवात आणि शेवट अगदी अंगाला अंग लावून बसतात, आणि त्या दोन बिंदूंमध्ये संपूर्ण दाब असतो. तेथे ऑक्साइडच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून जुन्या पेट्यांमध्ये रेशमाचे एकेरी किंवा दुहेरी वेष्टन असलेली तार दिसते, आणि वर चपड्याचे म्हणजे लाखेचे वॉर्निश असते.

शिवाय ती तार बहुधा कॉन्स्टंटनची नसून मँगॅनिनची असते. त्यात सुमारे ८४ टक्के तांबे, १२ टक्के मँगनीज आणि ४ टक्के निकेल असते. ही दोन्ही संमिश्रे एडवर्ड वेस्टन यांची. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत न्यूअर्क येथे उपकरणांचा उद्योग उभारलेल्या या गृहस्थांनी १८८७ मध्ये कॉन्स्टंटन आणि १८९२ मध्ये मँगॅनिन पुढे आणले. तापमान बदलले तरी रोध जवळजवळ न बदलणे हा दोघांचाही गुण आहे. मग दुसऱ्याची गरज का पडली, तर कॉन्स्टंटन तांब्याला जोडल्यावर त्या सांध्याशी अंशामागे सुमारे ४० मायक्रोव्होल्ट इतका औष्णिक दाब निर्माण होतो. सूक्ष्म मोजमापात तो उपद्रव ठरतो. मँगॅनिन-तांबे सांध्यावर तो अगदी नगण्य असतो.

आता महत्त्वाची सूचना. मँगॅनिनची तार ‘काळी’ करण्याचा प्रयत्न चुकूनही करू नये. हवेत जास्त तापवली की पृष्ठभागावरचे मँगनीज आधी ऑक्साइड होऊन बाहेर पडते आणि आत तांब्याने समृद्ध असे साल उरते. तापमानाने रोध न बदलण्याचा जो गुण विकत घेतला, तोच त्यामुळे जातो. मँगॅनिनची वेटोळी गुंडाळल्यानंतर १२० ते १४० अंशांवर बराच काळ ठेवून स्थिर करतात. त्यापलीकडे तिला उष्णता लागू देत नाहीत, आणि म्हणून तिचे रोधन रेशीम, एनॅमल यांसारखे थंडपणे चढवता येणारेच असावे लागते.

रेशीम आणि लाख यांचीही एक गंमत आहे, आणि कोकणातल्या वाचकांना ती विशेष पटेल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत एडवर्ड रोझा आणि त्यांचे सहकारी यांच्या लक्षात आले की प्रमाणित रोध ऋतूनुसार थोडे वरखाली होतात. तापमान सांभाळूनही फरक राहत होता. शोध घेतल्यावर दोष लाखेत निघाला. लाख दमट हवेत ओलावा शोषून फुगते, तारेला ताणते, आणि ताणलेल्या तारेचा रोध वाढतो. उपाय म्हणून त्यांनी वेटोळी तेलाने भरलेल्या हवाबंद डब्यात ठेवली. विद्युतरोधक द्रव्य तारेभोवती नुसते निमूट बसून राहते हा आपला समज किती अपुरा आहे, हे मला या प्रकरणाने शिकवले.

जुनी_उपकरणे:

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. विद्यार्थ्याला उत्तर २ वाचून दाखवले. तो थोडा ओशाळला, पण आता तोच ऑक्साइडचा थर पुन्हा आणायच्या मागे लागला आहे.

दोन शंका विचारतो. रसायनशास्त्र विभागात मफल भट्टी आहे. तारेची गुंडी करून ती भट्टीत ठेवली तर चालेल का? आणि कॉन्स्टंटनऐवजी नायक्रोम वापरली तर हा सगळा उपद्व्याप टळेल का? शेगडीतील नायक्रोमवरही तसाच काळा थर दिसतो.

उत्तर ४: निवृत्त_जुळारी

मफल भट्टीने समाधानकारक परिणाम मिळणार नाही. गुंडीतील बाहेरची तार आधी तापते आणि आतली मागे राहते. जेथे तार तारेला टेकली असेल तेथे हवा पोहोचत नाही आणि चकचकीत ठिपके उरतात, आणि नेमके तेच पुढे शॉर्ट होतात. सगळी गुंडी सारखी तापावी म्हणून ती जास्त वेळ ठेवली तर थर जाड होतो, आणि जाड थर गुंडाळताना खपल्यांसारखा निघतो. घट्ट धरून राहणारा थर हवा असेल तर उष्णता झटपट द्यावी आणि झटपट काढून घ्यावी.

म्हणून तारेतूनच प्रवाह सोडून तिला तुकड्यातुकड्याने तापवावे. दोन पितळी पकडी दीड मीटर अंतरावर बसवा, त्यांमध्ये तार ताणा, तेवढा भाग तापवा, मग तार पुढे सरकवून पुढचा भाग घ्या. प्रत्येक वेळी आधीच्या भागाशी दोन-तीन सेंटिमीटर आच्छादन ठेवा, कारण पकडीखालची तार काळी होत नाही. २० एसडब्ल्यूजीच्या दीड मीटर तारेला माझ्या हिशेबाने सुमारे २४ व्होल्ट आणि २० ते २२ अँपिअर लागतील. पुरवठा दोन वेगळ्या गुंडाळ्यांच्या ट्रान्सफॉर्मरमधूनच घ्यावा. थेट व्हेरिअ‍ॅकवरून (दाब कमी-जास्त करणारा एकाच गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर) तार कधीही तापवू नये, कारण व्हेरिअ‍ॅक मुख्य लाइनपासून आपल्याला वेगळे करत नाही. व्हेरिअ‍ॅक ट्रान्सफॉर्मरच्या आधी लावा, टाकाऊ तुकड्यावर योग्य स्थान शोधून तो तेथेच ठेवा आणि चालू-बंद स्विचने करा.

खोलीत उजेड कमी ठेवा म्हणजे रंग कळतो. तार तांबडी होऊन नारिंगीकडे झुकू लागली की बंद करा. तापलेली दीड मीटर तार सुमारे दोन सेंटिमीटर लांबते, म्हणून एक पकड स्प्रिंगवर किंवा वजनावर सरकती ठेवा, नाही तर तार झोळासारखी लोंबेल आणि खालच्या टेबलाला लागेल. वीज चालू असताना हातमोज्यांनीही तारेला स्पर्श करू नये.

हे सगळे पस्तीस-छत्तीस वेळा करायचे आहे, त्यामुळे कंटाळा येणार हे आधीच सांगून ठेवतो. काळी केलेली तार तयारही मिळते. मुंबईत लोहार चाळीत चौकशी करून पाहावी आणि मागताना ‘ऑक्सिडाइज्ड’ हा शब्द आवर्जून वापरावा, अन्यथा पुन्हा चकचकीतच हातात पडेल.

नायक्रोमबद्दल सांगायचे तर तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा थर येतो हे खरे आहे, परंतु त्याचे काम तारेला आणखी जळण्यापासून वाचवणे हे आहे. ऑक्साइड जसजसे तापते तसतसे अधिक वीजवाहक होत जाते, आणि नायक्रोम तर लालभडक असतानाच कामाला येते. म्हणूनच शेगडीतील वेटोळ्याचे फेरे ताणून सुटे ठेवलेले असतात आणि रोधनाचे काम चिनी मातीकडे सोपवलेले असते. इस्त्रीत तेच काम अभ्रकाचे पत्रे करतात. गीझरच्या कांडीत नायक्रोमचे वेटोळे धातूच्या नळीत मधोमध धरून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ही पूड वीज अडवते आणि उष्णता मात्र चांगली वाहून नेते. हे दोन गुण एकत्र सापडणे दुर्मिळ असते. तिचा दोष एवढाच की ती हवेतील ओलावा शोषते, म्हणून कांडीच्या टोकाचे सील गेले की आतून गळती सुरू होते.

तुमच्या उपकरणासाठी नायक्रोमचा आणखी एक तोटा आहे. तिची रोधकता सुमारे १.०९ मायक्रोओम-मीटर, म्हणजे कॉन्स्टंटनच्या दुपटीहून जास्त आहे. त्याच जाडीच्या तारेने त्याच नळीवर ४० ऐवजी ८५-८७ ओम होतील. शिवाय तिला साधे सोल्डर धरत नाही, टोके दाबून किंवा स्क्रूखालीच बसवावी लागतात.

शेवटी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. हा काळा थर फेऱ्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्यापुरताच आहे. माणसाच्या बोटाच्या दृष्टीने ती तार पूर्णपणे उघडीच असते. रिओस्टॅटला जाळीचे आवरण असेल तर ते काढून ठेवू नये, आणि दुरुस्तीनंतर गुंडाळी व लोखंडी पाय यांच्यामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने (विद्युतरोधन मोजणाऱ्या उपकरणाने) तपासणी करावी. तेथे मात्र पूर्ण दाब अडवायचा असतो आणि ते काम चिनी मातीच्या नळीचे आहे. नळीला बारीक तडा गेला असेल आणि त्यात धूळ व ओलावा साचला असेल तर मेगर लगेच सांगेल.

जुनी_उपकरणे (तीन आठवड्यांनंतर):

एका रिओस्टॅटचे काम पूर्ण झाले, म्हणून हकिगत कळवतो.

व्हेरिअ‍ॅकचे स्थान सापडेपर्यंत चार तुकडे वाया गेले. त्यांतला एक तर पकडीजवळ वितळून तुटलाच. त्यानंतर दोन दुपारी लागल्या. सुरुवातीच्या आठ-दहा भागांचा रंग फिका आला होता. ते पुन्हा तापवण्याऐवजी विद्यार्थ्याने गुंडाळून पाहण्याचा आग्रह धरला आणि मीही संमती दिली. पहिल्या गुंडाळीत ३३ ओमच आले. दोन प्रोबने फेरे मोजत गेल्यावर कमतरता अगदी त्या फिक्या भागातच सापडली. तार सोडवून तेवढा भाग पुन्हा काळा केला आणि आता टोकापासून टोकापर्यंत ३८.७ ओम येतात. बोट दाबले तरी आकडा हलत नाही.

स्लायडरखालची रेषा बारीक एमरी कागदाने उघडी केली. हे काम त्याच विद्यार्थ्याकडे दिले होते. त्याने या वेळी नळीच्या दोन्ही बाजूंना कागदी पट्ट्या चिकटवून मधली चार मिलिमीटर जागाच घासली.

मेगरवर गुंडाळी आणि पाय यांच्यामध्ये काटा अनंतावर राहिला. नंतर जाळी बसवून २ अँपिअरवर अर्धा तास चालवला. व्होल्ट आणि अँपिअर यांचे गुणोत्तर सुरुवातीला आणि शेवटी जवळजवळ सारखेच होते. ३ अँपिअरवर अजून नेलेला नाही. दुसऱ्या रिओस्टॅटच्या नळीला मेगरने तडा दाखवला, त्यामुळे त्याच्यासाठी आता आधी नळी शोधतो आहोत.

निवृत्त_जुळारी: ३ अँपिअरवर नेताना पहिल्यांदा थोडा धूर निघेल. गुंडाळताना हाताचे तेल तारेला लागलेले असते, ते जळते. खिडकी उघडी ठेवा आणि धूर थांबेपर्यंत चालू राहू द्या. धूर थांबल्यावर रोध पुन्हा मोजा.